तुटक्या बेलपानाची खूण

१

निवडणूक जाहीर झाली की पुढाऱ्यांच्या अंगात येतं आणि बेळगावच्या कॅम्पातल्या माधवी सावंतच्या दुकानात पाय ठेवायला जागा उरत नाही. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका जमा कराव्या लागतात, ठाण्यात नाहीतर परवानाधारक दुकानात. ठाण्यात आपल्या बंदुकीला तेलपाणी कोण करणार, या विचाराने जांबोटी-खानापूरकडचे शेतकरी थेट माधवीचं दुकान गाठतात. डुकरं हाकायच्या त्या बंदुका, नळीला चिठ्ठी बांधून भिंतीशी ओळीने उभ्या राहतात. निकाल लागेपर्यंत दुकानाला लग्नघराची कळा येते, फक्त पाहुणे बोलत नाहीत एवढंच.

माधवीला त्याचं काही वाटत नसे. अडतिशीची बाई, त्यातली निम्मी वर्षं याच दुकानात गेलेली. बंदूक म्हटलं की लोकांना जे काय होतं, भीती म्हणा, रुबाब म्हणा, ते तिच्यापुरतं कधीच झिजून गेलं होतं. तिला दिसायचे ते आटे, कमानी, गंज आणि ठसे. ठशांच्या बाबतीत तर तिचं नाव पार कोल्हापूरपर्यंत होतं. जुन्या लष्करी पिस्तुलांचे शौकीन असतात, त्यांना पिस्तुलापेक्षा त्यावरचा ठसा प्यारा. आणि जिथे ठशाला भाव, तिथे खोटे ठसे मारणारेही आलेच. खरा कुठला नि खोटा कुठला हे विचारायला माणसं तिच्याकडे येत. पोलीससुद्धा येत.

दुकानात वडिलांनी घालून दिलेली एक रीत होती. ज्याने बंदुकीचं आतलं यंत्र उघडलं, त्याने ते मिटण्याआधी आतल्या अंगाला दुकानाची खूण मारायची. तांदळाएवढं बेलाचं पान, तीन दलांचं. मी हे उघडलं होतं, पुढे काही झालं तर मला विचारा, एवढाच त्याचा अर्थ. वडील गेले त्या आठवड्यात ती खूण मारायचा पोलादी पंच माधवीच्या हातून फरशीवर पडला आणि उजव्या दलाचं टोक उडालं. नवा पंच करून घ्यायचं कितीदा मनात आलं, पण वडिलांच्या हातचं टाकवेना. तेव्हापासून अख्खं पान वडिलांचं नि तुटकं पान माधवीचं, हे जिल्ह्यातल्या सगळ्या ठाण्यांना पाठ झालं होतं.

त्या दुपारी ती जांबोटीच्या कल्लाप्पाच्या बंदुकीची कमान, म्हणजे घोड्याची स्प्रिंग, बदलून हातावेगळी करत होती. पंच ठेवला, आधी हलका ठोका, मग भारी, तुटकं पान उमटलं, यंत्रावरची लोखंडी पट्टी बसली. तेवढ्यात भरमा हवालदार घाम पुसत आत आला. त्याच्या काखेत लाखेचं सील केलेलं कापडी पुडकं होतं.

हकिगत सरळ होती. कणकुंबीचा स्वरूप नावाचा पोरगा कोगनोळीच्या नाक्यावर तपासणीत सापडला. गाडीच्या डिकीत ठासणीचं पिस्तूल. परवाना नाही. घरचं आहे, पणज्याच्या वेळचं, खंडेनवमीला पूजतो, असं तो सांगत होता. साहेबांचं म्हणणं, कुणीतरी हल्लीच घडवून जुनं भासवलेलं हत्यार आहे. पुराण्या, निकामी हत्याराला परवाना लागत नाही, त्यामुळे पिस्तूल खरोखर जुनं ठरलं तर प्रकरण तिथेच मिटणार होतं. नवं ठरलं तर तुरुंग. आणि पोराची नुकतीच वनखात्यात निवड झालेली.

"आक्का, पोरगं तसं वाईट न्हाय," भरमा म्हणाला. "आई एकटीच हाय घरात. तुमी जुनं म्हणालात तर सुटलं, नवं म्हणालात तर गेलं बाराच्या भावात."

"मी म्हणून काय हुतंय, भरमाण्णा. पिस्तूल म्हणंल ते मी लिहिणार," माधवी म्हणाली. सोमवारी सकाळी कागद आणि पिस्तूल न्यायला येतो असं ठरवून भरमा गेला.

२

तिने पुडकं खिडकीशी नेलं आणि भिंग डोळ्याला लावलं.

घोड्याशेजारच्या लोखंडी पट्टीवर सिंह होता. मागच्या पायांवर उभा, पुढच्या पायांत मुकुट. कंपनी सरकारच्या फौजेचा ठसा. खाली साल. सिंह बघून शौकिनाच्या तोंडाला पाणी सुटलं असतं, माधवीच्या कपाळाला आठी पडली.

जुन्या लोखंडाला गंजाचे खड्डे पडतात. ठसा खरा असेल तर तो खड्ड्यांच्या आधीचा असतो, म्हणून खड्डे त्याच्या कडा कुरतडत जातात. इथे उलटं होतं. खड्डे आधीचे होते आणि सिंहाने त्यांना दाबून सपाट केलं होतं. आयाळीच्या कडा बोटाला अजून टोचत होत्या. नाक जवळ नेलं तर नवसागराचा वास. ठसा मारून वर नवसागराने गंज चढवायचा, ही जुनीच लबाडी.

दुसरी गोष्ट तिला कुंकवाने सांगितली. पिस्तूल वर्षानुवर्षं पूजेत होतं हे खरंच होतं. दस्त्याच्या सांध्यात, पट्टीच्या खड्ड्यांत, नळीच्या बुडाशी कुंकू बसून काळपट लाल झालं होतं. मुलखातल्या जुन्या घरांतली हत्यारं अशीच असतात. नवमीला पाणी, हळद, कुंकू, झेंडू, आणि दुसऱ्या दिवशी कोरडं पुसायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. पण सिंहाच्या रेघांत सुईने कितीही उकरलं तरी लाल कण निघेना. म्हणजे सिंहाने एकही नवमी पाहिली नव्हती.

तिने भरमाला फोन लावला. भरमाने कोठडीत जाऊन पोराला दरडावलं आणि अर्ध्या तासात उलट फोन केला. सिंहाचा ठसा निपाणीतल्या एकाकडून मारून घेतला होता. कोल्हापुरात एका शौकिनाला पिस्तूल द्यायचं होतं, आणि ठसा असला की माणूस चटकन घेतो असं कुणीतरी सांगितलं होतं.

"इकायची काय नड हुती, म्हणून इचारलं," भरमा हसत म्हणाला. "तर म्हणतंय, घरात नको झालतं ते. आपोआप वाजतंय म्हणे. आता बोला."

माधवीलाही हसू आलं, आणि त्या खुळ्याची कीवही. खऱ्या पिस्तुलावर खोटा सिंह चढवून त्याने पिस्तुलालाच खोटं पाडलं होतं. आता बाहेरचं काहीच कामाचं नव्हतं. पिस्तुलाचं वय सांगायचं तर आतल्या बाजूनेच सांगावं लागणार होतं. तिने गंजून धरलेल्या स्क्रूंवर तेल सोडलं आणि रात्रभर मुरायला ठेवलं.

३

सकाळी पट्टी निघाली. तिने कमान काढून पितळी वाटीत टाकली आणि पट्टीची आतली बाजू उजेडात धरली.

आत गंजाची खपली होती, जाड, तपकिरी. पूजेचं पाणी सांध्यातून झिरपत आत पोचलेलं, त्याबरोबर कुंकूही. असा गंज घडवता येत नाही. पोरगा सुटला, असं ती स्वतःशी म्हणाली आणि तिला खरंच बरं वाटलं. मग खपलीच्या मधोमध तिला एक आकार दिसला. सुईने कड मोकळी केली तर बेलाचं पान निघालं.

म्हणजे वडिलांनी हे कधीतरी उघडलं होतं. कणकुंबीची माणसं बेळगावला येणार नाहीत तर कुठे जाणार? वडिलांची खूण अशी अचानक भेटली की तिला नेहमी हायसं वाटे. तिने भिंग जवळ नेलं.

उजव्या दलाचं टोक नव्हतं.

गंजाने खाल्लं असेल, तिने मनाशी म्हटलं. मग पंच काढला, शिशाच्या पत्र्यावर ठोकला आणि दोन्ही खुणा शेजारी धरून पाहिल्या. पंचाचं टोक उडालं तेव्हा तुटलेल्या जागी केसभर, गळासारखा वाकडा आकडा राहिला होता. पत्र्यावर तो होता. पट्टीवरही होता, त्याच कोनात, तेवढाच.

तिने हे पिस्तूल कधी उघडलं नव्हतं. उघडलेली बंदूक ती विसरत नसे, माणसं विसरे. कुणी पंचाची नक्कल केली म्हणावं, तर नक्कल करणारा खूण मारेल, तिच्यावरचा गंज कुठून आणेल? तिने खपलीची कड पुन्हा तपासली. गंजाचा थर, त्यावर कुंकवाचा, त्यावर पुन्हा गंज, पुन्हा कुंकू. नवसागराचा गंज नखाने निघतो, हा सुईला दाद देत नव्हता. दुसऱ्या कुणाची खूण असती तर तिने डोळे मिटून सांगितलं असतं की ही माझ्या जन्माआधीची आहे.

तिने सगळं लोखंडी कपाटात ठेवलं. पट्टी घोड्यासकट कापसावर, नळी आणि दस्ता फडक्यात. कपाटाला कुलूप लावलं आणि डबा उघडून जेवायला बसली. दुपारची वेळ, रस्ता उन्हाने ओस पडलेला. भाकरीचा दुसरा घास घेतला असेल नसेल, कपाटातून आवाज आला. टक. थोडं थांबून, टक.

हा आवाज तिला झोपेतही ओळखता आला असता. घोडा आधी अर्धा ओढला की एक, पूर्ण ओढला की दुसरा. भिंतीशी उभ्या असलेल्या बंदुकांपैकी एखादी असेल म्हणून तिने उगाच त्यांच्याकडे पाहिलं. मग वाटीकडे पाहिलं. कमान वाटीतच होती. कमानीशिवाय घोडा म्हणजे नुसतं लोंबणारं लोखंड, तो ना ओढला जात ना वाजत.

हात धुऊन तिने कुलूप काढलं. कापसावर पट्टी होती तशीच होती. घोडा मात्र पूर्ण मागे ओढलेला, ताठ. तिने बोट लावलं आणि तो लुळा होऊन खाली पडला. कपाटातून ओल्या कुंकवाचा वास येत होता. माधवीने मोठ्याने म्हटलं, "उन्हानं लोखंड फुगतंय." ते तिला स्वतःलाच पटलं नाही.

४

दुसऱ्या दिवशी ती दुकान बंद ठेवून कणकुंबीला गेली. पिस्तूल कधी, कुणाकडे दुरुस्त केलं होतं एवढंच विचारायचं होतं. एखादा साधा खुलासा मिळेल आणि आपण परत येताना हसू, अशी तिला आशा होती. जांबोटीच्या पुढे जंगल लागलं, करवंदांच्या पाट्या घेऊन बसलेल्या बाया लागल्या, आणि तिला खरोखर हलकं वाटायला लागलं.

स्वरूपची आई नागुबाई पडवीत रातांबे फोडत बसली होती. साठी उलटलेली, काटक बाई. तिने मान वर केली, माधवीकडे पाहिलं, आणि हातातला रातांबा फोडून आधी बिया बाजूला काढल्या.

"आलीस व्हय," ती म्हणाली. "वाटलंच हुतं. पिस्तूल घराबाहेर पडलं म्हंजे तू येणार."

माधवीने आपलं नाव सांगितलं, दुकान सांगितलं, भरमा हवालदाराचं नाव सांगितलं. नागुबाई सगळ्याला व्हय व्हय म्हणत राहिली. नाव तेवढं तेव्हा सांगितलं नव्हतंस, म्हणाली.

मग तिने जे सांगितलं ते अगदी साधेपणाने, शेजारणीची गोष्ट सांगावी तसं. ती नवी नवरी होऊन आली त्या सालची खंडेनवमी. आदल्या दिवशी बेळगावकडून एक बाई आली, हातात हत्यारांची पेटी. सासऱ्यांनी तिला मधल्या खोलीत बसवलं. तिने पिस्तूल उघडलं, लहान हातोडीने काही ठोकलं आणि कुंकू मागितलं. नागुबाईनेच करंडा नेऊन दिला. बाईने बोटाने कुंकू त्या खुणेत दाबून भरलं. नागुबाई मग खोलीच्या उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसली, अंधार पडेपर्यंत. खोलीला दुसरं दार नाही. दिवा घेऊन आत गेली तर पिस्तूल मिटून कोनाड्यात ठेवलेलं, आणि बाई नाही.

"किती वर्षांची हुती?" माधवीने विचारलं.

नागुबाईने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "अशीच की. आत्ता हाईस तशी." मग थोडं पुढे वाकून म्हणाली, "ती खूण कुणाला खरवडू द्यायची न्हाय, म्हणालतीस. तूच म्हणालतीस, बाई. मी आजवर फडकंसुदीक लावलं न्हाय."

माधवी उठून मधल्या खोलीच्या दारात गेली. थंड, शेणाने सारवलेली खोली. कोनाडा रिकामा. कोनाड्याखालची भिंत बाकी सगळीकडे पांढरी होती, एका जागी तेलकट काळी. जिथे कुणी रोज डोकं टेकून बसतं तिथे भिंत अशी होते. जमिनीपासून किती वर, ते माधवीने नजरेने आपल्या बसल्या उंचीशी ताडून मोजलं आणि मोजलं नसतं तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. तिथे कोण बसतं, असं तिने विचारलं.

"कोण बसतंय? कोण न्हाय," नागुबाई म्हणाली. ती आत आली नाही.

निघताना मात्र तिने माधवीचे दोन्ही हात धरले. तिचे हात रातांब्याने लाल झाले होते. "माझं एकच पोर हाय," ती म्हणाली. "खुळं हाय, पर चोर न्हाय. सोडीव त्येला." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. बाईला भ्रम झाला असेल, पण आईचं बोलणं भ्रमाचं नव्हतं.

५

रविवारी माधवी कागद घेऊन बसली. लोखंड जुनं, गंज जुना, दस्ता जुना, बाहेरचा सिंह खोटा व अलीकडचा. इथवर पेन सरळ चाललं. मग थांबलं.

आतल्या खुणेचं काय लिहायचं? साहेब पिस्तूल पुन्हा उघडून बघणार, बघायलाच हवं. आत तुटकं बेलपान दिसलं की कुठलाही शिपाई म्हणेल, ही तर माधवीताईंची खूण. मग पिस्तूल तिच्याच दुकानात घडलं, नाहीतर जुळवलं, असा अर्थ कुणीही काढेल. तिचा शब्द मातीमोल, परवाना गेला, आणि स्वरूप तर आत गेलाच. खरं लिहायचं तर असं लिहावं लागणार होतं की खूण माझी आहे, आणि माझ्यापेक्षा जुनी आहे. तिने ते वाक्य एका चिटोऱ्यावर लिहून वाचलं. वेड्यांच्या इस्पितळातून आल्यासारखं वाटलं.

दुसरी वाट सोपी होती. ती कितीतरी वेळ सोप्या वाटेकडे बघत बसली.

खूण खरवडणं हे तिच्या धंद्यातलं पाप. ठसे पुसणाऱ्यांना तिने तोंडावर चोर म्हटलेलं होतं. पण पोराचे कोठडीतले दिवस आठवले, त्याच्या आईचे लाल हात आठवले. एक खूण, तीही आपलीच. आपली सही आपण खोडली तर कुणाचं काय गेलं? असं म्हणत ती आतल्या कारखान्यात गेली. कारखाना म्हणजे दुकानामागची एक खोली, मधे पडदा. तिने पट्टी शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळली आणि धारदार पातं लावलं.

गंज सहजी सुटेना. कुंकवाचे थर मात्र भुगा होऊन खाली पडू लागले, एकाखाली एक. जितकं खरवडावं तितकं निघत होतं. पान हळूहळू उथळ झालं, देठ गेला, डावं दल गेलं, मधलं गेलं. शेवटी तो आकडा उरला. तिने एकदा डोळे मिटले आणि पातं ओढलं. लोखंड गुळगुळीत झालं. तिने त्यावर तेलात भिजवलेला गंज चोळून जागा मळवली. कुणाच्या बापाला कळलं नसतं.

पट्टी बसवताना उजवा हात आपोआप पंचाकडे गेला आणि तिने तो मागे घेतला. त्या दुकानात उघडलेलं हत्यार पहिल्यांदाच खुणेशिवाय मिटलं. तिला लाज वाटली, एवढी की वडिलांच्या फोटोखालून पुढे येताना तिने मान वर केली नाही. पिस्तूल कपाटात ठेवलं, कुलूप लावलं, नखांतलं लाल साबणाने घासघासून काढलं.

मागच्या खोलीत ठोका पडला. आधी हलका, मग भारी.

माधवी नळाशी तशीच उभी राहिली. मांजर, तिने म्हटलं. मांजराने हातोडी पाडली. पडदा हलत नव्हता. आपण जाऊन बघायला हवं हे तिला कळत होतं, आणि पाय त्या दिशेला वळत नव्हते. काहीतरी हाताला काम हवं म्हणून तिने भिंतीशी उभी असलेली कल्लाप्पाची बंदूक घेतली, काउंटरवर आडवी केली आणि पट्टी काढली. आपलं ताजं, चकचकीत पान बघायचं एवढंच तिच्या मनात होतं.

आत पान नव्हतं. खरवडलेलं नव्हतं, पुसलेलं नव्हतं. त्या जागी कधी काही मारलंच नव्हतं.

तिने शेजारची बंदूक उघडली. गेल्या पावसाळ्यात तिचा घोडा बदलला होता. कोरी. त्याच्या पुढची. कोरी. एका बंदुकीत वडिलांचं अख्खं पान मिळालं, आणि त्याखाली, जिथे तिचं असायला हवं होतं, तिथे नुसतं लोखंड. पडद्यामागे आता ठोके एका लयीत पडत होते, हलका, भारी, हलका, भारी, कुणीतरी साचलेलं काम उरकायला बसल्यासारखे. माधवीने बंदुका तशाच टाकल्या, शटर ओढलं आणि टिळकवाडीतल्या घराची वाट धरली.

६

सोमवारी ती दुकानाशी आली तेव्हा शटर वर होतं.

काल घाईत कुलूप राहिलं असेल, असं म्हणत ती आत शिरली. वडिलांच्या फोटोपुढे उदबत्ती लावलेली होती, अर्धी जळलेली. काउंटर पुसलेला. काल उघड्या टाकलेल्या बंदुका सगळ्या मिटून, चिठ्ठ्या सरळ करून भिंतीशी उभ्या होत्या. कपाट उघडं होतं आणि त्यात पिस्तूल नव्हतं. पडद्यामागून कानशीचा बारीक आवाज येत होता.

माधवी काउंटरच्या अलीकडे, गिऱ्हाइकांच्या बाजूला उभी होती. पलीकडे जायची फळी रोज तिच्याच हाताने उचलली जायची. आज तिला हात लावायचा धीर होईना.

भरमा आला. तिचा जीव भांड्यात पडला. इतक्या वर्षांचा ओळखीचा माणूस, त्याच्यापुढे सगळं सांगून टाकावं, खूण, खरवडणं, सगळं, असं तिच्या मनात आलं. भरमाने तिच्याकडे पाहिलं. रांगेतल्या अनोळखी बाईकडे बघावं तसं, सभ्यपणे, आणि नजर पुढे गेली.

"बाई, जरा बाजूला सरता का," तो म्हणाला, आणि पडद्याकडे तोंड करून हाक मारली. "आक्का!"

"आले, भरमाण्णा."

आवाज माधवीचा होता. तिला ते मान्य करायला एक क्षण लागला, कारण आपला आवाज बाहेरून कसा येतो हे कुणालाच ठाऊक नसतं. पण त्यातली ती जराशी घाई, शेवटी आवाज खाली टाकायची सवय, सगळं तिचं होतं.

"काय निघालं, आक्का?" भरमाने विचारलं.

"जुनंच हाय ते. वरचा सिंह तेवढा खोटा. पोराला सोडा."

"साहेब इचारणार, कशावरनं म्हणून."

"आतली खूण बघा म्हणावं," आतून शांतपणे उत्तर आलं. "माझीच हाय. लई वर्षांखाली मीच उघडलतं ते."

भरमाने मान डोलावली. त्याला यात काहीच वावगं वाटलं नाही, आणि उद्या साहेबांनाही वाटणार नाही, हे माधवीला त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं. जे वाक्य तिला चिटोऱ्यावर पेलवलं नव्हतं ते त्या बाईने बोलून टाकलं होतं, आणि ते खरं ठरलं होतं.

पडद्याच्या कडेने एक हात बाहेर आला. हातात सील केलेलं पुडकं आणि वर घडी घातलेला कागद. मनगट ओळखीचं. नखांच्या कडांत कुंकू बसलेलं, इतकं जुनं की काळं पडलेलं. पडदा थोडा सरकला होता. आत पडद्यालगतच कुणीतरी पाठ टेकून बसलं होतं, आणि डोकं जिथे भिंतीला लागत होतं तिथली भिंत तेलकट काळी होती. काल तिथे चुना होता. मग पडदा पडला.

भरमाने पुडकं काखेत मारलं. पोरगा संध्याकाळपर्यंत घरी जाणार होता. नागुबाई दारात उभी राहील, त्याचं तोंड कुरवाळील, ते माधवीला डोळ्यांसमोर दिसलं आणि तिला आनंद झाला, खरोखरचा. तेवढं तरी तिचं स्वतःचं होतं. तिने भरमाची बाही धरली.

तो थांबला. माणूस भला होता, बाही सोडवून घेतली नाही. "तुमचं काय काम हुतं, बाई? नाव काय म्हणालात?"

तिने सांगायला तोंड उघडलं, पण नाव आठवेना. भरमाने बराच वेळ वाट पाहिली, घड्याळाकडे बघितलं, मग भिंतीशी असलेल्या बाकड्याकडे बोट दाखवलं.

"बसा तिथं," तो समजुतीने म्हणाला. "आक्का मोकळ्या झाल्या की बघतील तुमचं."

ती बाकड्यावर जाऊन बसली.